फुंकर

११ फेब्रुवारी

साबणाचा एजंट दर नव्या वर्षाला एक डायरी देऊन जातो आणि दर वर्षी मी ती सुनेला देऊन टाकते. यंदाची ठेवून घेतली. मनात चाललंय ते गिऱ्हाइकांपुढे बोलता येत नाही, सुनेपुढे बोलायचं नाही, आणि मुलगा तिकडे लांब पुलाच्या कामावर. फोनवरून त्याच्या जिवाला घोर लावून काय मिळणार?

भिंगरीचा ताप हटत नाही. भिंगरी म्हणजे माझी नात, तीन वर्षांची. चालायला लागल्यापासून एका जागी ठरली नाही म्हणून मीच हे नाव पाडलं. आमची लाँड्री घराच्या पुढच्या खोलीत आहे. धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यांमधून ती अशी गरगर फिरायची की मला इस्त्री हातात धरून उभं राहावं लागायचं. आता गठ्ठ्याला टेकून बसते. झोप म्हटलं की झोपते. गिऱ्हाइकं म्हणतात, किती शहाणी झाली हो! मला हे असलं शहाणपण नको.

खोकल्याची दोन औषधं झाली, तापाचं एक झालं. आंघोळ घालताना बरगड्या हाताला लागतात. माझ्याच हाताला लागतात, कारण तिला न्हाऊमाखू घालणं, भरवणं, निजवणं सगळं माझ्याकडे. सून धुलाईचं बघते. भिंगरी माझ्या कुशीत झोपते आणि सकाळी माझी उशी घामाने ओली झालेली असते. एवढीशी पोर, पण किती उष्णता अंगात!

१४ फेब्रुवारी

सून आज म्हणाली, "आई, भिंगरीला मोठ्या दवाखान्यात नेतेच आहे, तर तुम्हीही चला ना. तुमचा खोकलाही दाखवून टाकू."

माझा खोकला! उभा जन्म स्टार्चच्या वाफेत गेला, घसा खवखवणारच. मी म्हटलं, "मी आजारी पडले म्हणजे गल्ल्यावर कोण बसणार, ते कळतं हो मला." लाँड्रीवाली खोकते अशी नुसती कुजबूज झाली तरी हॉटेलवाला उद्या आपल्या चादरी दुसरीकडे नेईल, एवढी साधी गोष्ट हिला कळू नये?

दुपारी मी जेवले नाही. संध्याकाळीही नाही. तिने ताट आणून ठेवलं आणि निघून गेली. गप्प राहणारी माणसं मला कळतच नाहीत. कडाकडा भांडली असती तर बरं वाटलं असतं.

१७ फेब्रुवारी

दवाखाना. छातीचा फोटो काढला. तो नीट सांगत नाही म्हणे. डॉक्टरीणबाई वयाने माझ्या मुलाएवढी असेल, पण बोलते सावकाश आणि समजेल असं. फुफ्फुसाचा टीबी असू शकतो, म्हणाली.

खात्री करायला बेडका हवा. पण तीन वर्षांचं लेकरू बेडका कुठून काढणार? "लहान मुलं थुंकत नाहीत, आजी, गिळतात," डॉक्टरीणबाई म्हणाली. "गिळलेलं पोटात जातं आणि पोटातून खाली येतं. टीबीचे जंतूही त्याच वाटेने येतात. म्हणून आम्ही आता शी तपासतो."

मला आधी वाटलं थट्टा करतेय. आजार छातीत आणि शोध कुठे! तिने सांगितलं, आजवर मुलांच्या नाकातून पोटात नळी घालावी लागायची, तीही उपाशीपोटी, चार जणांनी धरून. इथे शी तपासायला आत्ताच सुरुवात केलीय. वालाच्या दाण्याएवढी पुरते. यंत्रात घातली की तासा-दोन तासांत कळतं. मग सिस्टरने मला झाकणाची डबी दिली. मी ती दोन बोटांनी धरली. सिस्टर हसली, "रिकामी आहे हो अजून."

जाताना डॉक्टरीणबाईने विचारलं, घरात कोणाला खोकला आहे का? मी म्हटलं, "कोणालाही नाही. आमच्याकडे हात पुसायचं फडकंसुद्धा उकळून निघतं. समोरचा घड्याळवाला मात्र दिवसभर खोकतो, आणि भिंगरी त्याच्याकडे टिकटिक ऐकायला जाते." डॉक्टरीणबाईने ते लिहून घेतलं. सून माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे पाहिलं तशी ती डबीचं झाकण निरखायला लागली.

१८ फेब्रुवारी

काम फत्ते. भिंगरीची एक खोड आहे. मी समोर बसल्याशिवाय ती भांड्यावर बसत नाही. गुडघ्याला गुडघा लावून बसायचं, तिने जोर लावला की मी तिच्या कपाळावर फुंकर घालायची. मग ती खदाखदा हसते आणि काम होतं. आज हसली नाही, पण झालं.

सून अंगणात चादरी वाळत घालत होती, म्हणून सगळं मीच केलं आणि नीट केलं. आधी भांडं ब्लीचने घासलं, आणि वास राहावा म्हणून विसळलं नाही. डबीत भरल्यावर वरून आणखी चार थेंब टाकले, म्हणजे तिथल्या लोकांना नाक धरावं लागू नये. डबी पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि ती इस्त्रीच्या कापडी पिशवीत. आपल्या घरातून गेलेली वस्तू, मग ती शी का असेना, स्वच्छच गेली पाहिजे.

घड्याळवाल्याला दुकानाच्या दारातूनच सांगितलं, पोरीला जवळ करू नका, तुमच्या खोकल्याची वर्दी दिलीय मी. तो भिंग डोळ्याला तसंच ठेवून माझ्याकडे बघत राहिला.

२० फेब्रुवारी

लाज वाटावी असं झालं. प्रयोगशाळेतल्या चष्मेवाल्याने आम्हाला बोलावून घेतलं. यंत्राने ना हो म्हटलं, ना नाही म्हटलं. डबी नाकाशी नेत तो म्हणाला, "यात काय घातलं होतं? ब्लीच? अहो, ज्या जंतूंना आम्ही शोधतोय त्यांनाच धुऊन टाकलंत की!" खोलीत आणखी माणसं होती.

सून म्हणाली, "भांडं मी धुतलं होतं. नीट विसळलं गेलं नसेल."

त्याने तिला चांगलंच फैलावर घेतलं. शिकलेल्या ना तुम्ही, आजारी मुलाचे दिवस असे फुकट घालवायचे का? ती मान खाली घालून ऐकत होती आणि मी शेजारी उभी होते. नवी डबी मिळाली.

वाटेत मी विचारलं, "तू का अंगावर घेतलंस?"

"तुम्ही पुन्हा करणार नाही ना? मग झालं तर."

मला राग आला. कोणाचा, ते कळलं नाही.

२२ फेब्रुवारी

आता पोरीचं पोटच धरलंय. काल नाही, आज नाही. अख्खं घर एका पोटाकडे डोळे लावून बसलंय. मुलाचा फोन येतो, तो हॅलोच्या आधी विचारतो, "झाली का?" परवापर्यंत पुलाचे खांब किती उभे राहिले ते सांगायचा. कोमट पाणी पाजलं, पोट चोळलं. भिंगरी सगळं करू देते. संध्याकाळी ताप चढला की डोळे अर्धे मिटून पडते. एवढीशी शी, आणि तिच्यावाचून औषध अडलंय. डॉक्टरीणबाई म्हणाली, दोन दिवस आणखी बघू, नाहीतर नळी घालू.

नळीचं नाव ऐकून मला रडू आलं. मी ते ब्लीचचे चार थेंब टाकले नसते तर आज औषध पोटात असतं. लिहिलं एकदाचं.

२३ फेब्रुवारी

सुनेचं काय बिनसलंय कळत नाही. सकाळी उठून खोल्यांच्या खिडक्या सताड उघडते. मी बंद करते. रस्त्याची धूळ पांढऱ्या कपड्यांवर बसली तर हॉटेलवाल्याला काय तोंड दाखवू? ती पुन्हा उघडते. माझा कप वेगळा ठेवायला लागलीय. आज तर भिंगरीचं अंथरूण उचलून आपल्या खोलीत नेलं. म्हणे, तिकडे वारा येतो. माझ्या कुशीतलं लेकरू उचलून नेलं आणि वर वाऱ्याचं नाव!

जेवणाच्या वेळी म्हणाली, "द्या आई, आज मी भरवते." मी वाटी सोडली नाही. मऊ भात भिंगरी माझ्याच हातून खाते, आणि तोही मी प्रत्येक घासावर फुंकर घातली तरच. आज सहा-सात घास गेले. आईच्या हातून दोन तरी गेले असते का?

कपड्यांचं आणखी एक. माझे दोन्ही झगे कमरेत एवढे ढगळ झालेत की टाके घालावे लागले. हल्लीचं कापडच वाईट, चार धुण्यांत पसरतं.

२४ फेब्रुवारी

घड्याळवाल्याने पिकलेली केळी पाठवली, पोट साफ होतं म्हणून. मी परत पाठवली.

मग सुनेने स्वतः जाऊन आणली.

२५ फेब्रुवारी

झाली! सकाळीच. सुनेने भांड्यात कोरा कागद पसरला होता. ब्लीचची बाटली तिने कुठे ठेवलीय ते मला माहीत नाही, आणि मी विचारलंही नाही. मी नेहमीसारखी समोर बसले. सून म्हणाली, "आई, जरा मागे सरून बसा ना." मी म्हटलं, "इतक्या लांबून फुंकर पोचायची कशी?" आणि नेमका तेव्हाच मला ठसका लागला. थांबेचना. डोळ्यांतून पाणी आलं. भिंगरी इतक्या दिवसांनी टाळ्या पिटत म्हणाली, "आज्जीला ठसका! आज्जीला ठसका!" हसता हसता तिचं काम झालं.

सून हसली नाही. तिने खिडकी उघडली, चमच्याने थोडीशी डबीत घेतली, झाकण लावलं आणि चप्पल घालून निघालीसुद्धा. इतकी चपळ ती धुण्याच्या कामात कधी दिसली नव्हती.

२६ फेब्रुवारी

टीबीच आहे.

आम्ही दोघी बाकावर बसलो होतो. चष्मेवाला स्वतः बाहेर आला. आज त्याचा आवाज मऊ होता. सुनेला म्हणाला, "या वेळी अगदी नीट आणलंत." तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाली, सापडलं म्हणजे अर्धं काम झालं. नेहमीच्या औषधांना दाद देणारा टीबी आहे. पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या आहेत, चवीला गोड, काही महिने एक दिवसही न चुकता द्यायच्या, मूल बरं होतं. पहिली गोळी तिथेच दिली. भिंगरीने ओठ चाटले. मी सिस्टरचा हात धरून रडले. अनोळखी बाईपुढे मी आयुष्यात रडले नव्हते.

मग डॉक्टरीणबाईने पुन्हा तेच विचारलं. मुलांना हा आजार मोठ्या माणसाकडून येतो, खोकल्यातून, बंद खोलीतल्या हवेतून. घड्याळवाल्याला तपासलं, तो साफ निघाला. त्याचा खोकला सिगारेटचा. "भिंगरीच्या सगळ्यात जवळ कोण असतं?"

"मी," मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. "खाणं, झोपणं, सगळं माझ्यापाशी."

आणि मला ठसका लागला. डॉक्टरीणबाईने उठून खिडकी उघडली, मला मास्क दिला, सुनेला दिला, आणि दोन डब्या पुढे ठेवल्या. "यात शी नको हं आजी, बेडका."

सगळ्यांचंच तपासतात म्हणे. रीत असेल. सुनेचंही घेणारच आहेत. माझ्यात काय निघणार?

२७ फेब्रुवारी

दिला बेडका. उघड्या अंगणात उभी राहून, सांगितल्याप्रमाणे. ब्लीचचा थेंब नाही. बेडक्यात एक लाल दोरा दिसला. रंग जाणाऱ्या एखाद्या रुमालाचा असेल, बोटांना चिकटलेला.

१ मार्च

सुनेत काही नाही. माझ्यात आहे.

२ मार्च

काल याच्यापुढे लिहवलं नाही.

मी आजवर समजत होते की रोग घाणीतून येतो, आणि घाण ही दुसऱ्यांच्या घरात असते. कपडे उकळले, भांडी उकळली, खिडक्या घट्ट लावल्या. आणि त्या बंद खोलीत लेकराला छातीशी धरून रात्रभर खोकले. घासाघासावर फुंकर घातली. भात निवावा म्हणून.

डॉक्टरीणबाई म्हणते, फुंकरीने नाही हो आजी, खोकल्याने. कपड्यांनी तर अजिबात नाही, हॉटेलच्या चादरींना काही होत नाही. ती माझं मन राखायला बोलते की खरंच तसं आहे, कोण जाणे. मला मात्र भिंगरीचं कपाळ दिसतं, माझ्या तोंडापुढे वितीवर.

औषध सुरू झालं. ते लागू पडेपर्यंत मागच्या खोलीत एकटीने राहायचं, मास्क लावायचा, खिडक्या उघड्या. गल्ल्यावर सून बसते. सकाळी ती दाराशी चहा ठेवायला आली तेव्हा मी विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"शंका होती."

"मग ओरडून का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं, आई. तुम्ही दोन वेळा जेवला नाहीत." ती तिथेच उंबऱ्यात खाली बसली. "पण मी आणखी ओरडायला हवं होतं. तुम्ही उपाशी राहिला असता तरी. माझीच मुलगी होती ना ती. मी खिडक्या उघडत बसले, कप वेगळे करत बसले. घाबरले तुम्हाला."

मला घाबरली. मी तिला घुमी समजत होते. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि घेता आलं नाही. ती उंबऱ्यात रडली, मी खाटेवर रडले. मधे चहा गार झाला.

ब्लीचचंही मी आज तोंडाने कबूल केलं. ती म्हणाली, "माहीत आहे. इस्त्रीच्या पिशवीत डबी मी थोडीच घातली असती?" दोघींनाही हसू आलं.

९ मार्च

मास्क लावून रस्ता ओलांडला आणि घड्याळवाल्याच्या दुकानाबाहेर उभी राहिले. आत गेले नाही. म्हटलं, "माझं चुकलं. केळीसुद्धा परत पाठवायला नको होती." त्याने भिंग काढलं. "काखेत कळसा अन् गावाला वळसा, दुसरं काय," म्हणाला. मग विचारलं, "पोरगी कशी आहे?" मी म्हटलं, ताप उतरायला लागलाय. तो हसला आणि खोकला. मी मास्कच्या आत हसले.

हॉटेलवाल्यालाही सुनेने सांगून टाकलंय, मला न विचारता. डॉक्टरीणबाईशी बोलणंही करून दिलं. चादरी अजून येतायत. पुढचं पुढे.

१३ मार्च

खिडक्यांमधून धूळ येते. आज वाळलेल्या पांढऱ्या शर्टांवर बसली. सुनेने ते पुन्हा पाण्यात टाकले आणि खिडकी तशीच उघडी ठेवली. मी लाव म्हटलं नाही. मला सोपं गेलं असं नाही.

भिंगरी आता आईच्या हातून जेवते. आधी दोन दिवस तोंड फिरवलं, "आज्जी फू" म्हणून हट्ट धरला. मी भिंतीपलीकडून ऐकत होते. आता खाते. वाटीभर खाते. मला बरं वाटतं आणि वाईटही वाटतं. दोन्ही खरं आहे.

२२ मार्च

मुलगा चार दिवसांसाठी आला होता, आज परत गेला. माझ्यापासून लांब उभा राहून पाया पडला. पुलाबद्दल बोलत राहिला.

तो गेल्यावर दुपारी मी अंगणाच्या या टोकाला स्टूल टाकून बसले. सून चहा देऊन दुकानात गेली. त्या टोकाला, स्वयंपाकघराच्या दारात, भिंगरी. वाळत घातलेल्या चादरी धरून ती एक गिरकी घ्यायची, धडपडायची, पुन्हा उठायची. तिचं वजन वाढलंय. आजीच्या जवळ जायचं नाही, हे तिला पढवलेलं आहे, आणि ती पाळते. तेवढं शहाणपण तिला माझ्यामुळे आलं.

माझ्या कपातून वाफ निघताना तिला दिसली. गिरकी थांबवून ती म्हणाली, "आज्जी, गरम आहे?"

"हो गं."

ती दारातच उभी राहिली, गाल फुगवले, आणि तिथून, अख्ख्या अंगणावरून, माझ्या चहावर फुंकर घातली. एकदा, दोनदा. दम लागेपर्यंत.

"झाला गार?"

चहा चांगलाच कढत होता. मी मास्क खाली केला, तिच्या देखत मोठा घोट घेतला, आणि म्हटलं, "झाला."